शाळेत येणारा 'मनाचा कार्यक्रम' घ्यावा का? आमच्या गावचा दोन वर्षांचा अनुभव

शेजारच्या तालुक्यातल्या शाळा समितीवरच्या एका ताईंचा मागच्या आठवड्यात फोन आला. किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचा जो कार्यक्रम आमच्या शाळेत दोन वर्षं चालला, तोच आता त्यांच्या शाळेत येतोय. ठराव घ्यायचा होता. "कसा हाय वो तो कार्यक्रम?" मी गाडीवर होते, मागून प्रवासी ओरडत होते. म्हटलं, "चांगला हाय, घेऊन टाका." रात्री मात्र झोप येईना. चांगला आहे हे खरंच, पण त्यातलं नेमकं काय चांगलं, ते सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव घालत नाही. माणसं भली आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही.

मी एसटीत वाहक आहे. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या खेड्यांच्या फेऱ्या करते, त्यातही जास्त करून मानव विकासच्या निळ्या गाडीवर. शाळेच्या पोरींना गावातून उचलायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं. त्याआधी मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. संशोधन पद्धतीच्या पेपरला वर्गात दुसरी आले होते. नोकरी लागली ती घंटी वाजवायची. तक्रार नाही, पगार वेळेवर झाला की तीही चांगलीच नोकरी आहे. पण त्यामुळे एक खोड लागली. कुठलाही आकडा दिसला की तो वेबिलाशी, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदाशी, जुळवून पाहते.

सुरुवात झाली ती मांडव, हारतुरे आणि दीपप्रज्वलनानं. पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं की दर शंभरातल्या सात मुलांना मानसिक आजार असतो. आकडा खोटा नव्हता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयासाठी ७.३ टक्के आले होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि आपला महाराष्ट्र त्यांत नव्हता, एवढं मात्र सांगायचं राहिलं. पोट्ट्यांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. आठवडाभर गाडीत एकमेकांकडे बोट दाखवून "सातवा तू, सातवा तू" चाललं होतं.

भिंतीवर तक्ते लागले, छापून आलेले. एकावर गोल चक्र आणि त्यात भावनांची नावं: 'उद्विग्न', 'अभिभूत', 'विषण्ण'. आमच्या पोरी म्हणतात जीव घाबरते, मन लागत नाही, डोकं भणभणते. विषण्ण कोणालाच वाटत नव्हतं. एवढं पाहून मी मनातल्या मनात या कार्यक्रमाला नापास करून टाकलं होतं.

मग बुधवारची ताई आली.

नाव लिहीत नाही. संस्थेची समुपदेशक, पंचविशीची, वर्ध्याकडची, दर बुधवारी माझ्याच सकाळच्या गाडीनं यायची. प्रयोगशाळेमागच्या खोलीत पूर्वी निवडणुकीचं सामान ठेवायचे. ती खोली तिनं दोन मुलींना घेऊन झाडून काढली, एक कॅरम ठेवला, दारावर पडदा लावला. पहिले तीन बुधवार कुणी गेलं नाही. ती एकटीच कॅरम खेळत बसायची. चौथ्या बुधवारी दोन पोट्टे कॅरमसाठी गेले. पावसाळा संपेपर्यंत मधल्या सुटीत दाराबाहेर चपला दिसायला लागल्या. तिचा एकच नेम होता, बुधवार चुकवायचा नाही. एकदा नाल्याला पूर होता आणि गाडी अलीकडेच थांबली. ती पाणी ओसरेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली आणि दुपारी दोनला शाळेत पोचली. "पोरं वाट पाहतील असं नाही," म्हणाली, "पण पाहिली तर?"

आता माझ्या घरचं सांगावं लागेल, नाहीतर हे परीक्षण अर्धंच राहील. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. दर सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या झाल्या, ताकदीचं औषध झालं, सासूबाईंनी दृष्ट काढली. मंगळवारी ठणठणीत. मला वाटे गणिताचा तास चुकवायचं नाटक आहे. दोनदा हातही उचलला, खोटं कशाला लिहू. ती त्या खोलीत कधी जायला लागली मला माहीत नाही. एका बुधवारी परतीच्या गाडीत ताई म्हणाली, "काकू, तुमची मुलगी तुम्हाला काही सांगणार आहे. मी सांगत नाही, तीच सांगेल. तुम्ही फक्त मधे बोलू नका."

सोमवार आठवडी बाजाराचा. मला जादा फेरी असायची आणि घरी यायला साडेनऊ वाजायचे. बाजाराच्या दिवशी ह्यांच्या हातात पैसे असायचे. पुढचं घरातलं आहे, लिहीत नाही. रोज शंभर प्रवाशांचे चेहरे वाचणाऱ्या बाईला घरातल्या पोरीच्या पोटदुखीचा वार दिसला नाही. आगारात हातापाया पडून सोमवारची ड्युटी बदलून घेतली. दोन महिन्यांत दुखणं थांबलं. त्या ताईनं एकही गोळी दिली नाही, उपदेश केला नाही. "पोट कोणत्या वारी दुखतं?" एवढंच विचारलं होतं.

दुसरा प्रसंग पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एका मुलीचा. तिची ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहिते. खोलीत एक पेटी होती, नाव न घालता चिठ्ठी टाकायची. त्यात निघालं: 'मी नसली तर बाबाचा खर्च वाचते.' वडील २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली त्या हंगामात दवाखान्यात होते. तेव्हापासून अंगमेहनत होत नाही, त्यात डोक्यावर कर्ज. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण ताईला अक्षर ओळखू आलं. तिनं ती वर्गात वाचून दाखवली नाही, की मुख्याध्यापकांच्या टेबलावरही ठेवली नाही. मुलीला बाजूला घेऊन सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. मी नंतर म्हटलं, "असं तोंडावर विचारतात का बाई?" तर म्हणाली, "विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, काकू. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो." त्या संध्याकाळी ती मुलीबरोबर शेवटच्या थांब्यापर्यंत आली, तिथून पोडापर्यंत चालत गेली आणि त्या रात्री तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी मायलेकी आणि ती, तिघी जिल्ह्याच्या दवाखान्यात. अर्ध्या तिकिटाची सवलत होती म्हणून तेवढं तरी परवडलं, पण मायची मजुरी बुडाली ती बुडालीच. पोरगी आता बारावीत आहे. रोज माझ्या गाडीत चढते आणि खिडकीसाठी भांडते.

संस्थेच्या वार्षिक अहवालात ही सगळी गोष्ट एका रकान्यात आहे: 'संदर्भसेवा : १'.

बाकी चांगल्या गोष्टी पटकन सांगते. टेली-मानस ही सरकारची मोफत मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा नंबर बऱ्याच ठिकाणी नुसता फळ्यावर लिहितात. ताईनं शाळेच्या फोनवरून सगळ्यांदेखत तो लावून दाखवला, पलीकडून मराठीत बोलणं ऐकवलं. नंबर माहीत असणं वेगळं आणि पलीकडे कोण बोलेल ही धास्ती जाणं वेगळं. अडचण एवढीच की घरात फोन एक, तोही बाबाच्या खिशात. मुलांसाठी तिनं सुपारी-तंबाखूच्या खऱ्ऱ्यावर तास घेतला. 'तंबाखू जीवघेणी' वगैरे काही नाही, नुसता वर्षाचा हिशोब मांडायला लावला. एका पोट्ट्याचा आकडा जुन्या मोटरसायकलीपर्यंत गेला. त्यानं खऱ्ऱा सोडला की नाही ते माहीत नाही, पण माझ्या गाडीत थुंकणं सोडलं.

आता मोजणीकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

कार्यक्रमाचा परिणाम बघायला आधी एकदा आणि शेवटी एकदा उदासपणा मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांतलं विचारायचं, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. जगभर वापरतात, प्रश्नावली वाईट नाही. पण ती भरून घ्यायला टॅब घेऊन आलेली मुलं शहरातली. पहिलाच प्रश्न, कामं करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं? पोरी दिवाळीच्या सुटीत कापूस वेचून बोटं फाटलेल्या. एक म्हणाली, "कामात आनंद कोनाले येते सर?" नोंद झाली, तीन. झोपेचा प्रश्न. दहावीतला एक पोट्टा रोज रात्री जागलीला जातो, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकायला मचाणावर. "झोप कोठून येईन?" त्यालाही तीन, थकव्याचे आणखी तीन, आणि अभ्यासात लक्ष लागत नाही त्याचे तीन. म्हणजे नऊ गुण एकट्या रानडुकरांचे. दहा झाले की पोरगं काळजीच्या यादीत. त्याला समुपदेशनापेक्षा कुंपणाची गरज होती.

वेळ बघा. पहिली मोजणी फेब्रुवारीत, सराव परीक्षेच्या आठवड्यात. शेवटची पुढच्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर. फेब्रुवारीत पोरांच्या मानेवर परीक्षा आणि घरात उसनवारी. नोव्हेंबरात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची शेतातली पूजा, होऊन पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला, त्यातला थोडा विकून नवे कपडे झालेले. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरापर्यंत अख्ख्या तालुक्याचं मन आपोआप हलकं होतं, कुणी कार्यक्रम घेवो न घेवो. जे अगदी खाली गेलेले असतात ते दुसऱ्या मोजणीत थोडे वर दिसतातच, हे मला परीक्षेला आलं होतं. त्याला उपाय एकच. ज्या गावात कार्यक्रम नाही, तिथंही त्याच आठवड्यात मोजायचं. शेजारच्या शाळेत का नाही मोजलं, असं मी त्या टॅबवाल्या मुलीला विचारलं. "बजेटमध्ये नाही," म्हणाली. गोड होती बिचारी. तिला दिवसाला ठरावीक फॉर्म पूर्ण करायचे होते.

आणि माणसं कोणती मोजली? पहिल्या वेळी माझ्या गाडीत नववीच्या २३ पोरी होत्या. शेवटच्या मोजणीच्या दिवशी १७. सहा जणींचा हिशोब मला पाठ आहे. दोघींची लग्नं लागली, वय विचारू नका. एक पुण्याला मावशीकडे, म्हणजे धुणीभांडी करायला. दोघी वेचणीला गेल्या त्या परतल्याच नाहीत. आणि एक घरीच असते, बाहेर पडत नाही, का ते तिची माय सांगत नाही. टॅबवाल्यांनी वर्गात हजर असलेल्या १७ जणींना विचारलं आणि पोरी सुधारल्या असं लिहिलं. माझ्या मशीनवर २३ चढले, १७ उतरले, आणि मी म्हटलं हिशोब बरोबर आहे, तर तपासणी पथक मला त्याच थांब्यावर उतरवेल.

दुसऱ्या वर्षी खरी गंमत झाली. 'शाश्वतता' नावाचा शब्द आला, म्हणजे संस्था गेल्यावरही शाळेनं कार्यक्रम चालवायचा. ताईला दुसऱ्या तालुक्यात हलवलं आणि तिचं काम विज्ञानाच्या सरांना दिलं. सर सज्जन आहेत, माझ्या मुलीला ते आवडतात. पण पोषण आहाराचं रजिस्टर, मतदार यादी आणि स्कॉलरशिपचे फॉर्म सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी मनं सांभाळायची. ज्यांच्याकडून वही तपासून घ्यायची त्यांनाच सांगायचं, अभ्यासात मन लागत नाही? खोलीबाहेरच्या चपला पंधरा दिवसांत गेल्या.

हे होणार हे आधीच माहीत असण्यासारखं होतं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ७५ शाळा, चिठ्ठ्या टाकून तीन गट. एकात खास नेमलेला साधा समुपदेशक, डॉक्टर-बिक्टर नाही, आमच्या ताईसारखाच. दुसऱ्यात शाळेतलेच शिक्षक प्रशिक्षण देऊन. तिसऱ्यात नेहमीचा सरकारी जीवनकौशल्याचा कार्यक्रम, बाकी काही नाही. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, मारामाऱ्या आणि उदासपणा कमी झाला. शिक्षकांच्या शाळांत तिसऱ्या गटापेक्षा फरकच दिसला नाही. प्रशिक्षण तेच, पुस्तिका तीच. म्हणजे पुस्तिकेनं काम केलंच नव्हतं. आमच्याकडे मात्र पुस्तिका ठेवली आणि ताई काढली.

समारोपाच्या दिवशी पडद्यावर हिरवी पट्टी लाल पट्टीपेक्षा उंच दिसली. टाळ्या झाल्या. मुलांनी भरलेले हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्मही दाखवले: 'कार्यक्रम आवडला का?' बहुतेक सगळे हसरे. मी हात वर करून बोलले. सासूबाई म्हणतात मी उगाच बोलते. म्हटलं, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली असाच एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. ५०६ मुलगे, सारख्या सारख्या जोड्या लावून नाणेफेक केली. निम्म्यांना घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, शिबिरं, आणि निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी त्यांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांतल्या दोन तृतीयांश पुरुषांनी सांगितलं, हो, आमचं भलं झालं. आणि दुसऱ्या निम्म्यांशी ताडून पाहिलं, तर दारू, आजारपण, पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे अशा काही बाबतींत मदत मिळालेलेच मागे होते. आवडलं म्हणजे उपयोग झाला असं नाही. सभागृहात शांतता. मग संचालक हसून म्हणाले, "मॅडम, आपण एसटीतच आहात ना?" हो, आहे. तिकीट फाडलं म्हणजे प्रवासी गावाला पोचला असं आम्ही धरत नाही.

असं वाटू नये की सगळीच मोजणी फोल. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता, मोठ्या माणसांसाठी. त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. त्यांनी शिबिरं किती घेतली हे मिरवलं नाही. घरोघरी जाऊन विचारलं की ज्यांना नैराश्य आहे त्यांतले किती जण मदतीपर्यंत पोचले. सुरुवातीला १०० पैकी ४.३, दीड वर्षानंतर २७.२. तिथंही तुलनेची गावं नव्हती, ती त्रुटी आहेच. पण प्रश्न बघा किती नेमका: दुखणारा माणूस कुणापर्यंत पोचला का? आमच्या शाळेत हे मोजायला टॅब लागला नसता. दाराबाहेरच्या चपला मोजल्या असत्या तरी चाललं असतं.

तर ताई, तुम्ही फोनवर विचारलंत त्याचं उत्तर. ठराव घ्या, पण त्यात लिहून घ्या की येणारा माणूस दोन्ही वर्षं तोच राहील आणि आठवड्याचा वार बदलणार नाही. सरांच्या गळ्यात काम टाकणार असतील तर मांडवाचा खर्च वाचवा. संमतीपत्रं स्वतः वाचून सह्या करा. आमच्याकडे निम्म्या सह्या पोट्ट्यांनीच ठोकल्या, माझ्या मुलीनं माझीसुद्धा. मोजायला येतील तेव्हा विचारा, हजेरीतून कमी झालेल्या पोरींना कोण भेटणार? नावं-गावं हवी असतील तर तुमच्या मार्गावरच्या वाहकाला विचारा, आम्हाला माहीत असतात. तक्ते नको म्हणा. कॅरम मागून घ्या.

गुण द्यायचे तर बुधवारच्या ताईला पाचपैकी पाच. कार्यक्रमाला पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी दीड, तेही सरांच्या सज्जनपणाचे. मोजणीला एक, कारण टॅबवाली मुलगी पाणी पिण्याआधी पोरींना विचारायची, तुम्ही प्यायलात का.

खोली अजून आहे. कॅरमच्या दोन सोंगट्या हरवल्यात, तिथं माझ्या मुलीनं शर्टाची बटणं ठेवलीत. ती आता अकरावीत आहे आणि बुधवारी नववीच्या दोघी-तिघींना घेऊन तिथं बसते. कुणी नेमलेलं नाही तिला. किल्ली शिपाईकाकांकडे असते, मागितली की देतात.